मामांनी न लावलेल्या वस्तू

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या मामांच्या गॅरेजला बोर्ड नव्हता. लेथची दोन दुकानं आणि एक फौंड्री यांच्यामधल्या बोळात पत्र्याची शेड, शेडपुढं ऑइल मुरून काळी झालेली जमीन आणि तिथं कायम बोनेट उघडून उभ्या असलेल्या जीपगाड्या. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या पश्चिमेकडच्या तालुक्यांत ज्याच्याकडं म्हणून फोर बाय फोर गाडी होती, त्याला हा बोळ ठाऊक होता. मी जनावरांचा डॉक्टर. शाहूवाडी तालुक्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि ती ज्या जीपवर गेली ती जीप मामांनी घडवली. त्यांनी तिला जे लावलं त्याबद्दल मी ऋणी आहेच. पण त्यांनी मला जे लावू दिलं नाही, त्याचं ऋण त्याहून मोठं आहे.

गाडी होती महिंद्राची एमएम 540. प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन, ताकद 62 हॉर्सपॉवरच्या आसपास, चार गेअर, पुढं-मागं पाटे, पॉवर स्टेअरिंग नाही. एका ठेकेदाराकडून मी ती घेतली, तेव्हा तिच्यावर बराच खर्च झालेला होता. 31 इंची रुंद टायर, मागं दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा, पुढं लोखंडी पाइपचं जाड गार्ड, हुडाच्या सांगाड्यावर ओळीनं चार दिवे. गाडी दिसायची रुबाबदार. मी तिला तशीच बोळात नेली आणि मामांपुढं माझी आणखी एक यादी ठेवली. विंच, स्नॉर्केल, चार इंच लिफ्ट, लॉकर.

यादी त्यांनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "डॉक्टर, जाता कुठं तुमी?"

मग अर्धा तास मी फक्त रस्ते सांगत होतो. मलकापुरातून आंब्याकडं, तिथून विशाळगडाच्या अंगाला गजापूर, इकडं अणुस्कुऱ्याची वाट, आणि या सगळ्या रस्त्यांवरून वर सड्यावर चढलं की तिथले धनगरवाडे. कुठला ओढा किती भरतो, चिखलाखाली काय आहे, गाडीत बसतं कोण. औषधाच्या पेट्या किती, लशीचा बर्फाचा डबा केवढा, परतताना कुणाची म्हातारी किंवा बाळंतीण गाडीत घ्यावी लागते का. मामा वहीत लिहून घेत होते. इंजिनाला त्या दिवशी त्यांनी हातही लावला नाही. गाडीचं सामान निवडायची सुरुवात कॅटलॉगपासून नाही, वाटेपासून होते, हे मी त्या अर्ध्या तासात शिकलो. नंतर एवढ्या गाड्या पाहिल्या, पण तो क्रम बदलावा असं एकदाही वाटलं नाही.

टायरांवर मात्र ते भरपूर बोलले. या जातीच्या जीपचा मूळचा टायर 6.00-16, अरुंद आणि साधारण 29 इंच उंच. त्या जागी 31 इंची चढवला की चाकाचा घेर सात टक्क्यांनी वाढतो. म्हणजे काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 64 नं पळत असते. ते एक वेळ चालेल, पण प्रत्येक गेअर तेवढाच लांबतो आणि 62 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ते चढावर जाणवतं. जिथं दुसऱ्या गेअरवर गाडी निघायची तिथं पहिला टाकावा लागतो, क्लच जळतो. शिवाय रुंद टायर रिमच्या बाहेर येतो, त्याचं सगळं ओझं हबच्या बेअरिंगवर आणि किंग पिनवर. आणि आमच्याकडचा चिखल वेगळा. वर वीतभर लाल राड, खाली मुरूम नाहीतर जांभा. रुंद टायर वाळूत तरंगतो ते कामाचं असतं. इथं तरंगून उपयोग नाही, राड कापून खालच्या कठीण थराला लागलं पाहिजे. म्हणून मामांचा जीव मूळच्या अरुंद टायरवर. पण माझा निम्म्याहून अधिक प्रवास डांबरावरचा, आणि पावसात आंबा घाटातल्या ओल्या डांबरावर ते अरुंद नायलॉनचे टायर ब्रेकला घसरतात. शेवटी मधला मार्ग निघाला. 15 इंची रिम आणि 235/75 चे रेडियल, नक्षी ऑल-टेरेनची. उंची पुन्हा 29 इंचांच्या घरात, मीटर जागेवर, गेअर जागेवर. मोठ्या ठोकळ्यांचे मड-टेरेन दिसायला दमदार असतात, पण ओल्या रस्त्यावर त्यांचं रबर कमी टेकतं, म्हणून ते त्यांनी बाजूला काढले.

त्यासोबत तीन नियम आले. चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच झिजेचे, कारण या गाडीच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात, आणि एक टायर लहान असेल तर तो फरक गेअरबॉक्सच्या माथी बसतो. दुसरं, स्टेपनीसकट पाचही टायर आळीपाळीनं फिरवायचे. तिसरं, चिखलाआधी हवा 18-20 पर्यंत उतरवायची आणि डांबर लागलं की आधी थांबून 28 करायची, मगच पुढं. हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर ही माझ्या हट्टाशिवाय गाडीत आलेली पहिली वस्तू. माझ्या मते नव्या जीपवाल्यानं इतर काहीही घेण्याआधी तोच घ्यावा.

पाट्यांसाठी मामा मला स्वतः हायवेवरच्या एका कमानवाल्यांकडं घेऊन गेले. ते ट्रकांचे पाटे करायचे. त्यांनी जादा पाटे काढून बाजूला टाकले. पाटा वाढला की गाडी उचलते, पण ताठही होते. ताठ गाडी खडकावर एक चाक हवेत घेऊन उभी राहते, आणि हवेतल्या चाकाला पकड कुठली? मग फरशीवर त्यांनी खडूनं एक कमान आखली, नव्या पाट्याची असते तशी. माझा एकेक बसलेला पाटा ऐरणीवर घेऊन ते घणानं थंडच ठोकत होते. चार घाव, मग पाटा उचलून खडूच्या रेषेवर ठेवायचा, डोळा बारीक करून बघायचा, परत ऐरणीवर. मी विचारलं, तापवून का नाही वाकवत, लवकर होईल. ते म्हणाले, तापवला की पाट्याचं पाणी जातं, आज वाकेल आणि पावसाळ्याच्या आत परत बसेल. मुख्य पाटा रेषेला लागायला त्यांना बराच वेळ लागला. एका टोकाला सुताएवढा फरक राहिला होता, तो दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. त्यांनी तो काढला. पाट्यांच्या मधे ग्राफाइटचं ग्रीस, नवे बुश, नवा सेंटर बोल्ट. एवढ्यानंच गाडी दीडेक इंच वर आली. ती तिची मूळची उंची होती.

चार इंच लिफ्टचं काय, हे मी परतीच्या वाटेवर विचारलं. मामांनी हिशोब मांडला. गाडी चार इंच वर गेली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याचे क्रॉस लवकर जातात. पुढच्या अॅक्सलचा कलही बदलतो, मग स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही आणि वेगात गाडी भरकटते. तो कल जागेवर आणायला पाट्याखाली पाचर घालावी लागते. ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात. शॉकअप बदलावे लागतात. आणि गाडीचं वजन वर सरकतं, ज्या वाटांवर एका बाजूला दरी आहे तिथं. "एक वस्तू लावली की ती आणखी पाच मागत्या, डॉक्टर. ती पाच द्यायची तयारी हाय काय तुमची?" माझं काम दीड इंचात होणारं होतं. कॅल्शियमच्या बाटल्या पेटीत फुटायच्या थांबल्या, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पहिल्या ओझ्याच्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे, नाहीतर अॅक्सल पाट्यावर सरकतो आणि सेंटर बोल्ट तुटतो. त्यासाठी मामांनी स्वतः फोन करून मला बोलावून घेतलं.

पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांनी मागच्या हाउसिंगचा नट काढला, तर खाली दूध घातलेल्या चहासारखं ऑइल आलं. मी ओढे पार करत होतो आणि पाणी आत जात होतं. सील नवे होते. मग? मामांनी अॅक्सलवरचं बोटभर उंचीचं ब्रीदर दाखवलं. घाट चढून आलेलं हाउसिंग तापलेलं असतं, आतली हवा फुगलेली. ते थंड ओढ्यात उतरलं की ती हवा आक्रसते आणि जिथून मिळेल तिथून आत ओढते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणीच ओढणार. उपाय अगदी स्वस्त. ब्रीदरला नळी लावून तिचं तोंड बोनेटखाली उंच न्यायचं. मी उत्साहानं पेटीतली सलाईनची नळी पुढं केली. त्यांनी ती बोटांत वाकवून बघितली, सायलेन्सरजवळ ही मऊ पडेल म्हणाले आणि डिझेलची रबरी नळी घातली, दोन्ही अॅक्सलना, पुढं गेअरबॉक्सलाही. ही दुरुस्ती बाहेरून कुणाला दिसत नाही. पण त्या गाडीवरच्या सगळ्या बदलांत मला तीच सर्वांत शहाणी वाटते. त्यानंतर दरवर्षी ऑक्टोबरात आम्ही तिन्ही नट सैल करून दोन थेंब बोटावर घ्यायचो आणि रंग बघायचो.

स्नॉर्केलला त्यांनी साफ नाही म्हटलं. नळकांडं छतापर्यंत नेणं सोपं आहे, पण त्याच्यापासून फिल्टरपर्यंतचा प्रत्येक जोड हवाबंद पाहिजे. त्याची परीक्षा अशी, की इंजिन चालू असताना वरचं तोंड तळहातानं झाकलं तर इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. बंद पडलं नाही तर कुठून तरी हवा येते, म्हणजे पाणीही येणार. पाणी सिलिंडरात गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात. पण नकाराचं खरं कारण वेगळं होतं. "स्नॉर्केल असलं की तुमी जाणार. नसलं की थांबून बघणार." वाहत्या पाण्याला गाडी बुडवावी लागत नाही. चाकांवरचं वजन हलकं झालं की ते गाडी आडवी नेतं. मी थांबत राहिलो. कित्येकदा ओढ्याकाठी गाडी सोडून पेटी खांद्यावर घेऊन वरच्या बाजूच्या साकवावरून चालत गेलो.

दिव्यांचं थोडक्यात सांगतो. छतावरचे चारही काढले, कारण धुक्यात उंचावरचा प्रकाश उलटा डोळ्यांवर येतो. खाली बंपरवर पिवळे दोन लावले. 55 वॅटचे दोन म्हणजे नऊएक अँपिअर, ते मूळच्या स्विचमधून न्यायचे नाहीत, रिले आणि फ्यूज पाहिजेच. पुढचं गार्डही त्यांनी उतरवलं. रस्त्यावरचा माणूस त्याला लागला तर जगत नाही, असं म्हणाले. केंद्र सरकारनं अशा गार्डांविरुद्ध राज्यांना लिहिलं ते 2017 च्या डिसेंबरात, मामांनी माझं काढलं त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

विंचच्या बाबतीत मात्र ते दोन आठवडे विचार करत होते. त्याची गरज त्यांना पटली होती. पण इलेक्ट्रिक विंच पूर्ण ओझ्याला साडेतीनशे-चारशे अँपिअर ओढतं. एवढ्यासाठी मोठी बॅटरी, मोठा अल्टरनेटर, जाड केबल, आणि गाडीच्या नाकावर कायमचं ओझं. शिवाय ते फक्त पुढं ओढणार. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी जुन्या बाजारातून एक टिर्फॉर आणलं. हातानं चालवायचं तारेचं यंत्र. एका दांड्यानं तार पुढं येते, दुसऱ्यानं मागं सुटते, आणि ते गाडीच्या कुठल्याही बाजूला अडकवता येतं. ओझं फार झालं तर दांड्यातली पिन आधी तुटते, यंत्र वाचतं. त्या पिना त्यांनी मला जादा दिल्या आणि बजावलं, की तुटली तर इथं खिळा घालायचा नाही. तार त्याच यंत्रासाठी बनवलेली हवी, साधी चालत नाही. ताणलेल्या तारेवर ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटली तरी ती माणसावर येत नाही. झाडाला तार नाही, रुंद पट्टा, कारण तार साल कापते आणि झाड मरतं.

त्या यंत्रानं जीप फार वेळा ओढावी लागली नाही. म्हशी ओढल्या. एका जुलैत गजापूरच्या बाजूला एक गाभण म्हैस शेताच्या कडेच्या दलदलीत पोटापर्यंत रुतली होती. गावातली माणसं शिंगांना दोर बांधून ओढत होती, तिची मान लांबत होती. मी दोर सोडायला लावला. झाडासाठीचा तोच रुंद पट्टा तिच्या पुढच्या पायांमागून छातीखालून घेतला, टिर्फॉर जीपच्या मागच्या हुकाला, जीपच्या चाकांना दगड. दांडा एकदा हलवला की तार जेमतेम बोटभर सरकते. हा संथपणाच तिथं कामाला आला. बोटभर ओढायचं, थांबायचं, पोरांनी हातांनी तिच्या पायांभोवतीचा चिखल मोकळा करायचा, तिला श्वास घेऊ द्यायचा, पुन्हा बोटभर. झटका कुठं नाही. अंधार पडायच्या आत ती काठावर आली, बराच वेळ तशीच पडून राहिली आणि मग स्वतःहून पुढच्या गुडघ्यांवर उठली. इलेक्ट्रिक विंचनं ती निघाली असती का? असतीही. पण माझ्या हाताला तिचं वजन कळत होतं, आणि ते कळणं मामांनी मला मिळवून दिलं होतं.

लॉकरचं, म्हणजे अॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणाऱ्या यंत्रणेचं, सांगायचं तर, 2015 सालच्या थारला मागच्या अॅक्सलमध्ये कंपनीनंच मेकॅनिकल लॉकर दिला, तो चांगला. माझ्या गाडीसाठी मात्र एकानं डिफ्रेन्सलचे गेअर वेल्ड करून द्यायची तयारी दाखवली होती. मामा त्या दिवशी पहिल्यांदा चिडले. वेल्ड केलेला अॅक्सल डांबराच्या प्रत्येक वळणावर शाफ्टला पिळतो आणि एक दिवस घाटात शाफ्ट तुटतो. त्याऐवजी त्यांनी शिकवलं, की एक चाक मोकळं फिरायला लागलं तर पायाचा ब्रेक हलका दाबून धरायचा, मग ताकद टेकलेल्या चाकाकडं वळते. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

पुढच्या चाकांना फ्री व्हीलिंग हब मात्र त्यांनी आनंदानं बसवले. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जीप सामान्यांच्या हाती आल्या. आपल्याकडंही महिंद्रानं 1947 मध्ये विलीज जीप जोडायला घेतल्या. तिकडं अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी 1948 मध्ये याच जीपसाठी हे हब काढले, म्हणजे डांबरावर पुढचे शाफ्ट उगाच फिरत राहू नयेत. मामांना या गोष्टी कुठल्याशा जुन्या मॅन्युअलमधून माहीत होत्या आणि त्या सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. पण त्यातही अट होतीच. महिन्यातून एकदा हब लॉक करून मातीवर थोडी गाडी फिरवायची, नाहीतर पुढच्या हाउसिंगमधलं ऑइल तळाशी बसून राहतं आणि वरचे दात कोरडे पडतात.

पैशांचा हिशोब ते चोख ठेवत. सुट्या भागांची पावती दाखवायचे, मजुरी वेगळी लिहायचे. त्यांच्या घरी दोन म्हशी होत्या. मी गेलो की ते माझी फी मोजून हातात ठेवायचे, आणि मी नाही म्हटलं तर पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरला बोलावतो म्हणायचे.

एकदाच त्यांनी न विचारता काही लावलं. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. संध्याकाळी घ्यायला गेलो तर पुढच्या दोन्ही सीटना तीन टोकांचे पट्टे. जीपच्या पातळ पत्र्यात नुसते बोल्ट घातले असते तर झटक्याला पत्र्यासकट निघाले असते, म्हणून खाली जाड पट्टीच्या प्लेटा ठोकल्या होत्या. खांद्याच्या टोकासाठी चेसीवरून आधार उभा केला होता. बॅटरीलाही नवी लोखंडी क्लॅम्प. मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, घाला, आणि शेजारच्याला पण घालायला लावा.

पुढच्या ऑगस्टमध्ये अणुस्कुऱ्याकडच्या एका कच्च्या वाटेवर पावसानं रस्त्याची कड खचली. गाडी अगदी हळू होती. डावी चाकं खाली गेली, गाडी कुशीवर आडवी झाली आणि उतारावर एक झाड होतं त्याला टेकली. मी आणि माझा मदतनीस पट्ट्यांत लटकत होतो. हुडाची जीप, दार नाही, डाव्या बाजूला मोकळी दरी. आम्ही दोघं बाहेर आलो ते स्वतःच्या पायांनी. वाडीतल्या माणसांनी टिर्फॉर लावून गाडी उभी केली. कुणीतरी चावीला हात घातला आणि मला मामांचा आवाज आठवला. टेकाडावर चढून, रेंज धरून त्यांना फोन लावला. सगळं ऐकून घ्यायच्या आधीच ते ओरडले, "सेल्फ मारू नका!"

आडव्या पडलेल्या डिझेल इंजिनात ऑइल सिलिंडरांत उतरतं. तसंच सेल्फ मारलं तर पाण्यानं होतं तेच ऑइलनं होतं. मामा एसटीनं मलकापूरला आणि तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर आले. पानं आणि टॉमी पिशवीत. त्यांनी चारही हीटर प्लग काढले, सगळ्यांना बाजूला उभं केलं आणि मग इंजिन फिरवलं. काळं ऑइल पिचकारीनं बाहेर आलं, मग कमी होत थांबलं. प्लग बसवले, ऑइल भरलं, बॅटरीची क्लॅम्प हलवून बघितली, पट्ट्यांच्या प्लेटा खालून चाचपल्या. गाडी दुसऱ्या सेल्फला चालू झाली. ज्या गाईसाठी निघालो होतो तिच्याकडं आम्ही तिघं गेलो, आणि मी शिरेत सुई धरली तेव्हा कॅल्शियमची बाटली मामांनी उंच धरली होती.

त्या दिवसाचं बिल त्यांनी पुढच्या आठवड्यात दिलं. चार लिटर ऑइल, एक हीटर प्लग, एसटीचं तिकीट, मजुरी. पट्टे आणि क्लॅम्प त्यात नव्हते. त्यांचे पैसे मी तेव्हाही विचारले, नंतरही विचारले. त्यांनी ते कधीच लावले नाहीत.